चेक इंजिनचा दिवा आणि उस्तादांची वही

शिरूरहून दौंडला जाताना आम्ही न्हावऱ्याचा रस्ता धरतो. पारगावजवळ भीमा ओलांडायची, चौफुल्याला सोलापूर रस्त्याला लागायचे आणि पाटसवरून दौंड गाठायचे. दौंडला आमच्या थोरल्या आपा राहतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीची मंगनी ठरली आणि एका रविवारी आम्ही घरचे पाचजण आमच्या २०११ सालच्या डिझेल गाडीतून निघालो. ऊसतोडणीचे दिवस होते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून रांगत जावे लागत होते. न्हावरे मागे पडल्यावर एक ट्रॉली ओलांडायला आम्ही अॅक्सिलरेटर दाबला, तोच ‘फुस्स’ असा आवाज झाला, मागे काळा धूर निघाला आणि समोर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडीचा जोरच गेला. कितीही दाबले तरी वेग चाळिसाच्या वर जाईना.

हा दिवा आमच्या ओळखीचा होता. महिन्यापूर्वीही तो लागला होता. तेव्हा आम्ही गाडी एका मोठ्या वर्कशॉपात नेली होती. तिथल्या मुलाने स्टिअरिंगखाली यंत्र जोडले, पडद्यावर काहीतरी वाचले आणि सांगितले, “टर्बो गेलाय, बदलावा लागेल.” खर्चाचा अंदाज दिला ४८,००० रुपयांचा. गाडी विकायला काढली तरी दीड लाख आले नसते. “विचार करून सांगतो,” म्हणून आम्ही दिवा तेवढा पुसून घेतला आणि घरी आलो. मंगनीचा खर्च, मुलांची फी आणि त्यात हे नवे ओझे. त्या महिन्यात घरात दोनदा गाडी विकण्याची गोष्ट निघाली.

कशीबशी गाडी दौंडला आणली. आपांचे यजमान म्हणाले, “आपल्या उस्तादांना एकदा दाखवू या.” उस्तादांचे गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने आणि कोपऱ्यात ग्रीसने काळी झालेली एक जाड वही. वय साठीच्या पुढे. शाळा सातवीपर्यंत. वयाच्या बाराव्या वर्षी ते आपल्या उस्तादांकडे पाने धुवायला लागले होते.

आमची मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनला जोडायचे एक छोटे यंत्र तिने आधीच मागवून ठेवले होते. ते लावून ती म्हणाली, “उस्ताद, कोड पी०२९९ आहे. म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा तयार होत नाही.”

उस्तादांनी मान हलवली. “दाब तयार होत नाही, की तयार होऊन मधेच निघून जातो, ते सांगतं का तुझं यंत्र?”

“नाही.”

“मग आपण बघू.”

त्यांनी बॉनेट उघडले, शागिर्दाला रेस द्यायला सांगितले आणि स्वतः डोळे मिटून उभे राहिले. तीन-चार वेळा रेस दिल्यावर त्यांनी हवेच्या जाड रबरी नळीच्या खालच्या बाजूला हात नेला. हात तेलकट होऊन बाहेर आला. क्लिपच्या आत, सहज दिसणार नाही अशा जागी नळीला चीर गेली होती. इंजिन नुसते चालू असताना ती मिटलेली राहायची आणि जोर लावला की उघडायची. टर्बो आपले काम बरोबर करत होता. उस्तादांनी फाटलेला काठ कापला, नळी पुढे सरकवून क्लिप आवळली आणि मुलीला कोड पुसायला सांगितले. ३०० रुपये घेतले. वर बजावले, “ही तात्पुरती सोय आहे. आठ दिवसांत नवी नळी टाका.” नवी नळी पुण्याच्या नाना पेठेतून १,९०० रुपयांना मिळाली.

तेव्हापासून आम्ही या विषयाकडे जरा बारकाईने पाहू लागलो. कारण ही गोष्ट एकट्या आमच्या गाडीची नाही. शिरूर-दौंड भागात कितीतरी घरांत दहा-पंधरा वर्षांची गाडी आहे. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, भाड्याचे चार पैसे, सगळे तिच्यावर चालते. आणि आपल्या समाजातल्या अनेक घरांची रोजी गॅरेजवर चालते. गाडी आणि ती दुरुस्त करणारा हात या दोघांनाही आता एकाच अडचणीने गाठले आहे.

तेव्हाची गाडी, आताची गाडी

उस्ताद शिकले ती गाडी म्हणजे फियाट, अॅम्बेसेडर आणि पुढे मारुती ८००. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी अॅम्बेसेडरही बंद झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ अखेर निरोप घेतला. या गाड्यांत बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसायचा किंवा कानाला कळायचा. कार्ब्युरेटरमध्ये कचरा, पॉइंटमधले अंतर, टॅपेटचा आवाज. फिलर गेज, पेचकस आणि पाने असले की बहुतेक आजार बरे व्हायचे.

प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले तशी गाडी बदलली. २००० साली देशभर अधिक कडक मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शन पद्धतीने घेतली. पेट्रोल किती आणि कधी सोडायचे हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवू लागला. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. २०१० पासून गाडीने आपला बिघाड स्वतः ओळखून दिवा लावावा, असे बंधन येऊ लागले. २०१३ मध्ये त्याचा पुढचा टप्पा आला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून मधला टप्पा वगळून थेट भारत स्टेज सहा लागू झाले. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे आवश्यकच होते. पण प्रत्येक टप्प्याबरोबर गाडीत सेन्सर वाढले, तारा वाढल्या आणि पान्याने उघडता न येणाऱ्या गोष्टी वाढल्या.

याचा अर्थ जुने ज्ञान वाया गेले असा नाही. मात्र त्यातला काही भाग आता धोक्याचाही झाला आहे. जुन्या डिझेल इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायला मिस्त्री इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या नळीचा नट जरा सैल करायचे. कॉमन रेल पद्धतीच्या आजच्या डिझेल गाडीत असे कधीही करू नये. तिथे डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या घरात असतो. टायरमधली हवा दोन-सव्वादोन बार असते, एवढ्यावरून अंदाज यावा. सैल नटातून उडालेली बारीक धार कातडीत घुसू शकते. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आतून बोट जाण्याची वेळ येते. आपल्या घरातला मुलगा गॅरेजमध्ये शिकत असेल तर त्याला ही एक गोष्ट आजच सांगावी. आणि असे घडलेच तर दुखत नाही म्हणून थांबू नये, लगेच मोठा दवाखाना गाठावा.

रांजणगावात बनलेल्या गाड्या

शिरूर तालुक्याला हा बदल दाराशीच पाहायला मिळाला. रांजणगाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होत. लिनिया जानेवारी २००९ मध्ये आली, पुंटो त्याच वर्षी जूनमध्ये. भारत स्टेज सहाचे नियम येता येता या नावाच्या गाड्यांची विक्री देशात थांबली. कारखाना चालू आहे, तिथे दुसऱ्या गाड्या बनतात. पण ज्यांच्या दारात लिनिया किंवा पुंटो आहे त्यांना सुटे भाग शोधत फिरावे लागते.

इथे एक गोष्ट मदतीला येते. या गाड्यांतले १.३ लिटरचे डिझेल इंजिन एकट्या फियाटपुरते नव्हते. त्याच घराण्याचे इंजिन मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये होते, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये होते. लोक गमतीने त्याला देशाचे इंजिन म्हणत. त्यामुळे गाडी बंद झाली तरी इंजिनचे पुष्कळ भाग बाजारात मिळतात. दरवाजाचे हँडल, दिवा, काच मात्र शोधावी लागते. जुनी गाडी घेताना लोक रंग आणि सीटचे कापड बघतात. त्याऐवजी इंजिन आणखी कोणत्या गाडीत होते आणि ते भाग आपल्या गावात मिळतात का, हे आधी विचारावे.

कोड म्हणजे काय?

दिवा लागला की कॉम्प्युटर एक कोड साठवतो. तो कोड ताप आल्यासारखा आहे. ताप मोजता येतो, पण तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे थर्मामीटर सांगत नाही. पेट्रोल गाडीत पी०१७१ हा कोड नेहमी दिसतो. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. कारण एखादी तडकलेली नळी असेल, कचरा बसलेला इंजेक्टर असेल, थकलेला पंप असेल किंवा सेन्सर स्वतःच चुकत असेल. कोड वाचून थेट सेन्सर बदलणारा मिस्त्री म्हणजे ताप पाहून अंदाजाने गोळी देणारा डॉक्टर. कधी गोळी लागू पडते, एरवी पैसे जातात आणि आजार राहतो.

म्हणून गॅरेजमध्ये गाडी दिली की तीन गोष्टी मागून घ्याव्यात. दुरुस्तीआधीचा कोड कागदावर किंवा फोटोत. कोणती तपासणी करून हा भाग खराब ठरवला, याचे साध्या भाषेत उत्तर. आणि बदललेला जुना भाग. हे मागण्यात संशय घेण्यासारखे काही नाही. गाडी ही आपण त्यांच्याकडे सोपवलेली अमानत आहे, आणि चांगल्या कारागिराला हे प्रश्न आवडतातच.

उस्तादांनी आम्हाला त्यांची एक जुनी चूक सांगितली. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची बॅटरी उतरली होती. शेजारी ट्रक उभा होता. शागिर्दाने ट्रकच्या बॅटरीवरून गाडी चालू केली. ट्रकला २४ व्होल्ट, गाडीला १२. गाडीचा ईसीएम जळाला. “गिऱ्हाईक म्हणालं, अर्धे-अर्धे करू. मी म्हटलं, चूक माझ्या गॅरेजची आहे. २२,००० रुपये आठ हप्त्यांत भरले.” त्या दिवसापासून शेडच्या खांबावर खडूने १२ आणि २४ हे आकडे लिहिलेले आहेत. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाचा पहिला धडा तिथे उभे राहून होतो.

रेल्वेचे गाव आणि पत्र्याची शेड

दौंड हे रेल्वेचे गाव. मुंबई-सोलापूर मार्गावरचे जंक्शन, आणि १८७८ पासून मनमाडकडे जाणारा फाटाही इथूनच. या गावाने वाफेचे इंजिन पाहिले, मग डिझेल, आता वीज. प्रत्येक वेळी कारागिरांना नवे यंत्र शिकावे लागले. पण त्यांच्या मागे रेल्वे होती. शिकवणारे होते, यंत्राची पुस्तके होती आणि शिकण्याच्या दिवसांचा पगारही होता.

चौकातल्या गॅरेजवाल्याच्या मागे कोण आहे? तो एक दिवस शिकायला गेला तर त्या दिवसाची कमाई बुडते. साधे यंत्र हजार-बाराशेत मिळते, पण ते कोड वाचण्यापुरतेच. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या नीट तपासणाऱ्या स्कॅनरला लाखाच्या आसपास पैसे लागतात, शिवाय दरवर्षी त्याचे सॉफ्टवेअर नवे करण्याचा खर्च वेगळा. वायरिंगचे नकाशे इंग्रजीत असतात आणि सहजी मिळत नाहीत.

ही तक्रार कायद्याच्या दारातही गेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे हे त्यातले मुख्य कारण होते. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’वर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू झाले. त्यात मोटारगाड्यांचे क्षेत्रही आहे. हक्क कागदावर आला, आता तो न्हावऱ्याच्या आणि पाटसच्या शेडपर्यंत पोहोचायला हवा.

तोवर आपल्या हातात काय आहे? ज्या मुलाला गाड्यांची आवड आहे त्याला दहावीनंतर नुसते गॅरेजवर बसवू नये. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तो करावा आणि सुट्टीत उस्तादाकडे हात बसवावा. ज्यांच्याकडे वर्षांचा अनुभव आहे पण कागद नाही, त्यांच्यासाठी सरकारच्या कौशल्य योजनेत अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. गावातल्या चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक चांगला स्कॅनर घेतला तर तो परवडतो. बचत गट शिलाई यंत्र घेतो, तशीच ही गोष्ट आहे. आणि हे काम मुलांचेच, असे कोणी समजू नये. इंग्रजी वाचणारी, फोन समजणारी मुलगी घरात असेल तर ती अर्धे काम सोपे करते. आमच्याकडे ते दिसलेच.

घरच्यांनी काय सांभाळावे

जुन्या गाडीचे पुष्कळ आजार टाळता येतात. पहिली गोष्ट पाण्याची. आपल्या भागात बोअरचे पाणी जड. ते रेडिएटरमध्ये घातले की भांड्याला बसतो तसा क्षार आत बसतो आणि इंजिन तापते. कूलंटच वापरावे. दुसरे तेल. गाडीच्या पुस्तकात जो नंबर दिला आहे तोच घ्यावा, दुकानात स्वस्त मिळतो म्हणून दुसरा नको. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे तिथे तो पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर बदलावा. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च दसपट होतो.

दिव्यांची भाषा घरातल्या प्रत्येकाला कळावी. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा म्हणजे आत्ता, इथेच गाडी थांबवा. “घर दोन किलोमीटरवर आहे, जाऊ तसेच,” म्हणून पुढे गेलेल्यांची इंजिने जाम झाली आहेत.

उंदीर हा नव्या काळाचा शत्रू. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ उभी असलेली गाडी त्यांना फार आवडते. एक तार कुरतडली की दिवा लागतो आणि शोधण्यात दिवस जातो. गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवू नये, बॉनेट अधूनमधून उघडून पाहावे. इंजिनवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये. गाडीला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीची तार काढायला सांगावे.

ज्यांच्याकडे भारत स्टेज सहाची डिझेल गाडी आहे त्यांनी आणखी एक जपावे. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वीस-पंचवीस मिनिटे बऱ्या वेगात चालावी लागते. रोज घर ते बाजार, बाजार ते घर एवढेच झाले तर जाळी तुंबते. ही जाळी कापून काढून देणारे लोक भेटतात. ते करू नये. तो गुन्हा आहे आणि तो धूर आपलीच मुले घेतात.

पेट्रोल गाडीवाल्यांना ई-२० माहीत असावे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच घोड-भीमेकाठच्या उसातून येते. एप्रिल २०२३ च्या आधीच्या अनेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. मायलेज थोडे घटते, जुन्या रबरी नळ्या आणि गास्केट कडक होऊन गळू शकतात. सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या नळ्या मुद्दाम तपासून घ्याव्यात. हे काम स्वस्त आहे. पेट्रोलचा वास येत असताना गाडी चालवणे मात्र फार महाग पडते.

आणि कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. पंधरावे वर्ष लागायच्या आधी गाडी ठेवायची की द्यायची, याचा हिशेब घरात बसून करावा. वर्षाचा दुरुस्तीखर्च नव्या गाडीच्या चार-पाच महिन्यांच्या हप्त्याएवढा होऊ लागला, किंवा चासीला गंज लागला, तर मायेने गाडी ठेवू नये. तोवर मात्र चालती गाडी ओझे समजू नये.

मंगनीच्या दुसऱ्या दिवशी निघताना आम्ही आभार मानायला पुन्हा उस्तादांकडे गेलो. त्यांनी कोपऱ्यातली ती जाड वही काढली. पहिली पाने त्यांच्या उस्तादांच्या हातची, उर्दूत. फियाटच्या पॉइंटचे अंतर, अॅम्बेसेडरच्या टॅपेटचे माप. मधली पाने त्यांच्या स्वतःच्या मराठी अक्षरात, मारुती आणि इंडिकाची. शेवटची तीसेक पाने कोरी होती.

“एअरबॅग, चावीतली चिप, इंजेक्टरची टेस्टिंग, हे माझं काम नाही. मी ते पुण्याला पाठवतो,” ते म्हणाले. “पण हे कोड मला पाहिजेत. पोरगा म्हणतो, अब्बा, आता दुकान बंद करा. मी म्हटलं, आधी ही वही भरू दे. बेटा, तू मराठीत लिहून देशील का? कोड, त्याचा अर्थ, आणि पुढे जागा मोकळी ठेव. कुठं काय सापडलं ते मी भरीन.”

मुलगी तिथेच स्टुलावर बसली. पहिल्या ओळीत तिने पी०२९९ लिहिले, पुढे ‘टर्बोचा दाब कमी’. मोकळ्या जागेत उस्तादांनी पेन्सिलीने भरले, ‘नळीला चीर, क्लिपच्या आत. रेस देऊन बघणे.’ मागच्या सुट्टीत ती पुन्हा दौंडला जाऊन आली. आता वहीत अकरा पाने झाली आहेत आणि उस्तादांचा धाकटा शागीर्द तिच्याकडून इंग्रजी अक्षरे शिकतो आहे.